मुख्य कथेच्या शेजारचे सात अंक: ‘सिव्हिल वॉर’ वाचताना ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ५३२ ते ५३८

रसाळगड (धागाकर्ता)

मार्व्हलचे ‘सिव्हिल वॉर’ हे कॉमिक मी पहिल्यांदा वाचले ते २०१६ सालचा चित्रपट पाहून आल्यावर. मार्क मिलर यांनी लिहिलेले आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांनी रेखाटलेले मुख्य मालिकेचे सात अंक एका बैठकीत संपवले आणि गोष्ट कळली असे समजून पुस्तक कपाटात ठेवून दिले. गेल्या महिन्यात ते पुन्हा काढले आणि या खेपेस ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे ५३२ ते ५३८ हे अंक शेजारी ठेवून, एकातून दुसऱ्यात जात वाचले. हे सातही अंक टाय-इन आहेत, म्हणजे मोठ्या क्रॉसओव्हरमधील (अनेक मासिकांतली पात्रे एकत्र आणणाऱ्या कथेतील) घटना ज्यांत येऊन आदळतात असे एका पात्राच्या नेहमीच्या मासिकाचे अंक. लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की, चित्रकार रॉन गार्नी. हे सारे वाचून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की पीटर पार्करने काय केले हे मुख्य मालिका सांगते, पण त्याचे त्यात काय झाले हे तिच्यात शोधूनही सापडत नाही.

ज्यांनी वाचलेले नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात देतो. ‘न्यू वॉरियर्स’ हा तरुण नायकांचा गट दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड येथे लपलेल्या खलनायकांवर चालून जातो, त्यांतील नायट्रो शाळेजवळ स्फोट घडवतो आणि सहाशेहून अधिक माणसे मरतात. त्यानंतर महाशक्ती असलेल्या प्रत्येकाने आपले खरे नाव सरकारदरबारी नोंदवावे असा कायदा येतो. आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क कायद्याच्या बाजूने उभा राहतो, तर कॅप्टन अमेरिका विरोधात जाऊन भूमिगत होतो. पीटर या वेळी पत्नी मेरी जेन आणि मे काकू यांच्यासह टोनीच्याच मनोऱ्यात राहत असतो. (इंग्रजीतील ‘आंट’चे आपल्याकडे मावशी, आत्या की काकू करायचे हा नेहमीचा घोळ येथे नाही. बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, तेव्हा त्या काकूच.)

मुख्य मालिकेच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी पीटर पत्रकार परिषदेत मुखवटा उतरवतो आणि स्वतःचे नाव सांगतो. १९६२ पासून जे गुपित जपले गेले ते एका पानात संपते. पान प्रभावी आहे यात वाद नाही. परंतु त्याआधी मुख्य मालिकेत पीटर या निर्णयापर्यंत कसा आला याचा मागमूस नाही, त्यामुळे तो टोनीच्या पाठीमागे उभा असलेला आज्ञाधारक मुलगा वाटतो.

आता त्याच दिवसांकडे ५३२ व्या अंकातून पाहावे. टोनी पीटरला सांगतो की पर्याय दोनच आहेत: नाव नोंदवून, मुखवटा उतरवून सोबत राहायचे किंवा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार व्हायचे. हे बोलणे धमकीच्या सुरात येत नाही, म्हणूनच ते अंगावर येते. ज्याच्या छताखाली आपली काकू झोपते, ज्याने दिलेला लाल-सोनेरी पोशाख आपण अंगात घालतो, त्या माणसाला नाही म्हणायचे कसे? यानंतर पीटर घरी येऊन दोघींशी बोलतो आणि अंकाचा खरा जीव या बोलण्यात आहे. मेरी जेन भ्यायलेली आहे, तरी ती त्याच्यासोबत उभी राहते. मे काकूंना मात्र आपला मुलगा कोण आहे हे जगाला कळावे असे वाटते. इतकी वर्षे लोकांनी त्याला शिव्या घातल्या, आता त्यांनी त्याच्याकडे अभिमानाने पाहावे ही त्या म्हातारीची साधी इच्छा आहे. गार्नी यांनी येथे हाणामारीला वाव न देता चेहऱ्यांवर काम केले आहे आणि अंक आपल्याला त्या पत्रकार परिषदेच्या उंबरठ्यावर आणून सोडतो.

म्हणून ५३२ हा अंक मुख्य मालिकेच्या पहिल्या अंकानंतर आणि दुसऱ्याच्या आधी वाचावा, असे मी सुचवतो. दुसऱ्या अंकाचे शेवटचे पान मग वेगळे दिसते: मुखवटा उतरवणाऱ्या हातामागे काकूंचा शब्द आहे हे आपल्याला ठाऊक असते. पुढे ५३८ मध्ये गोळी कोणाला लागते हे ज्यांनी वाचले आहे त्यांना मी काय म्हणतो ते लक्षात येईल.

बाकीच्या अंकांचा क्रम आपण कसा लावता? आणि मुख्य मालिका न वाचता हे सात अंक स्वतंत्रपणे उभे राहतात का?

भिंगरी

लेख आवडला, पण मूळ कल्पनेविषयी शंका आहे. ज्या गोष्टीचा अर्थ लागण्यासाठी दुसऱ्या मासिकाचे सात अंक विकत घ्यावे लागतात, ती गोष्ट अपुरी लिहिली गेली असे का म्हणू नये? टाय-इन हा मुळात विक्रीचा मार्ग आहे. १९८५-८६ मध्ये डीसी या मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ काढले तेव्हा कित्येक मासिकांच्या अंकांत त्या महासंकटाचा संबंध एवढाच होता की एका चौकटीत आकाश लाल रंगवलेले असे आणि पात्रे ‘आज आभाळ विचित्र दिसते आहे’ अशा अर्थाचे काहीतरी बोलून आपापल्या कामाला लागत. तेव्हापासून अमेरिकी वाचक अशा नावापुरत्या जोडणीला ‘रेड स्काय’ म्हणू लागले. ‘सिव्हिल वॉर’च्या वेळीही मुखपृष्ठांवर सारखी पट्टी आणि ‘तुम्ही कोणाच्या बाजूने?’ हा प्रश्न छापून किती अंक खपवले गेले ते मोजून पाहावे.

अनुक्रमणिका

भिंगरी, तुमचा आक्षेप बरोबर आहे, पण तो सगळ्या टाय-इनना सारखा लागू होत नाही. हे अंक मी ते निघत होते तेव्हाच वाचले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

२००६ साली मी शिक्षणासाठी न्यू जर्सीत होते. अमेरिकेत नवे कॉमिक्स बुधवारी दुकानात येत. आमच्या गावातील दुकानदार गिऱ्हाइकांच्या नावाने पुठ्ठ्याचे कप्पे ठेवत असे आणि आपण सांगितलेल्या मालिकांचे अंक त्यात काढून ठेवत असे. माझ्या कप्प्यात फक्त ‘अमेझिंग’ होते. विद्यार्थिदशेत २.९९ डॉलरचा एक अंक परवडे, संपूर्ण क्रॉसओव्हर परवडणे शक्य नव्हते. म्हणजे धागाकर्त्याने शेवटी विचारलेला प्रयोग मी परिस्थितीमुळे करून बसले आहे: मुख्य मालिका न वाचता केवळ टाय-इन.

उत्तर असे की, ५३२ आणि ५३३ व्यवस्थित कळले. ५३३ मध्ये मुखवटा उतरवल्यानंतरचा गदारोळ आहे, आणि ज्या छायाचित्रकाराला आपण इतकी वर्षे स्पायडर-मॅनच्या छायाचित्रांचे पैसे दिले तोच स्पायडर-मॅन होता हे कळल्यावर ‘डेली ब्यूगल’ची झालेली अवस्था समजायला दुसरे काही वाचावे लागत नाही. ५३४ ला मात्र मी अडखळले. मुख्य मालिकेच्या तिसऱ्या अंकात दोन्ही गटांची जी पहिली मोठी लढाई होते तिच्यात हा अंक गुंतलेला आहे आणि ती लढाई न पाहता तो वाचणे म्हणजे शेजारच्या घरातील भांडण भिंतीला कान लावून ऐकण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट आज संग्रह वाचणाऱ्यांना जाणवणार नाही. मुख्य मालिकेचा चौथा अंक ऑगस्टऐवजी सप्टेंबरमध्ये आला आणि पाचवा सप्टेंबरऐवजी नोव्हेंबरमध्ये. मॅकनिव्हन यांच्याच हातून सर्व अंक रेखाटून घ्यायचे, मधे दुसरा चित्रकार आणायचा नाही, असे संपादकांनी ठरवले होते. चित्रांच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच ठरला. परंतु मुख्य कथा अडली की तिच्या पुढचे सांगणारे टाय-इनही अडतात, त्यामुळे इतर मालिकांच्या अंकांनाही थांबावे लागले. मालिका संपली २००७ च्या फेब्रुवारीत. २००६ च्या शरद ऋतूत मी कितीतरी बुधवारी दुकानात जाऊन, कप्प्यात डोकावून, काही न घेता परत आले. दुकानदार मान हलवून ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणे. एस.टी.च्या चौकशी खिडकीची आठवण येई.

तिसरी घंटा

क्रमाचा प्रश्न ५३५ आणि ५३६ पाशी खरा अवघड होतो, म्हणून त्यांविषयी लिहितो.

५३५ मध्ये टोनी पीटरला निगेटिव्ह झोन या दुसऱ्याच विश्वातील तुरुंग दाखवायला नेतो. नाव न नोंदवणाऱ्यांना खटल्याविना तेथे डांबून ठेवलेले आहे, आणि ते कधी सुटणार याचे उत्तर ‘नोंदणी केली तर’ एवढेच आहे. या तुरुंगाला ‘४२’ म्हणतात, कारण टोनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जग सुरक्षित करण्यासाठी काढलेल्या शंभर कल्पनांपैकी ही बेचाळिसावी. अशा प्रकारचे थंड, कार्यालयीन तपशील स्ट्रॅझिन्स्की यांना चांगले जमतात. पीटरचे डोळे येथे उघडतात आणि तो बाहेर पडायचे ठरवतो.

मुख्य मालिकेच्या पाचव्या अंकात मात्र पीटर आणि टोनी यांची मारामारी थेट समोर येते आणि तिच्यामागचे ‘४२’चे दर्शन जवळजवळ गृहीत धरलेले आहे. तीच मारामारी ५३६ मध्ये पुन्हा आहे, पण तपशील वेगळे. टोनीने पोशाखात ठेवलेली नियंत्रणाची कळ दाबून पाहिली तर पीटरने ती आधीच हुडकून निकामी केलेली आहे, हा मला सर्वांत आवडलेला क्षण टाय-इनमध्ये आहे. स्पायडर-मॅन हा मुळात शास्त्राचा विद्यार्थी आहे याची आठवण ज्याला आहे तोच असा प्रसंग लिहितो. अशा वेळी दोन्ही हकिगती एकाच घटनेच्या दोन साक्षी मानाव्यात आणि पुढे जावे. खटल्यात दोन साक्षीदार शब्दन् शब्द सारखे बोलले तर न्यायाधीशालाच संशय येतो.

मात्र संपादकांना क्षमा करता येणार नाही असेही एक उदाहरण आहे. रीड रिचर्ड्स, म्हणजे ‘फँटास्टिक फोर’चा प्रमुख, या कायद्याच्या बाजूने का गेला? ५३५ मध्ये तो पीटरला आपल्या काकाची गोष्ट सांगतो: काका लेखक होता, संसदीय चौकशी समितीपुढे त्याने नमते घेतले नाही आणि त्यात त्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, म्हणून कायदा हा कायदा. हे कारण मानवी आहे, पटो वा न पटो. पुढे ‘फँटास्टिक फोर’च्या ५४२ व्या अंकात लेखक बदलले, ड्वेन मॅकडफी आले, आणि तेथे रीडचे कारण निराळेच निघाले: त्याने गणिताने भविष्य मांडून पाहिले आहे आणि नोंदणी झाली नाही तर सर्वनाश आहे. दोन्ही कारणे आपापल्या जागी चांगली लिहिलेली आहेत, पण ती एकाच माणसाच्या तोंडी बसत नाहीत. टाय-इन वाचणाऱ्याच्या वाट्याला हा मनस्तापही येतो, हे भिंगरी यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

रसाळगड

तिसरी घंटा, रीडचा मुद्दा मला सुचलाच नव्हता. ‘दोन साक्षी’ हा तोडगा येथे चालत नाही, कारण साक्ष देणारा एकच आहे.

भिंगरी, लाल आकाशाचे उदाहरण मान्य. पण त्याच ‘क्रायसिस’मधले दुसरे टोकही पाहावे. ‘स्वॅम्प थिंग’चा ४६ वा अंक हाही त्याच प्रसंगाचा टाय-इन आहे. लेखक ॲलन मूर. त्यांच्या मासिकात दक्षिण अमेरिका खंडातून उठणाऱ्या एका अघोरी शक्तीची गोष्ट आधीपासून चालू होती. मूर यांनी त्या विश्वव्यापी प्रलयाला आपल्या गोष्टीचे हवामान म्हणून वापरले: जगाची घडी विस्कटलेली असताना असे काही जागे होणे सोपे जाते. आकाश तेथेही बिघडलेले आहे, पण त्याची भीती वाटते.

पिंपळपान

मी इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून वेताळ वाचत मोठा झालेला माणूस. एक अंक, एक गोष्ट, आणि शेवटच्या पानावर खलाच्या जबड्यावर कवटीची खूण, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय. त्यामुळे क्रॉसओव्हर हा प्रकार मला उशिरा आणि सक्तीने, म्हणजे मुलामुळे, कळला. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की, टाय-इनने मुख्य कथेच्या मागेच चालावे असा काही नियम नाही. १९८४ साली ‘सीक्रेट वॉर्स’ निघाले तेव्हा खेळण्यांच्या कंपनीशी झालेला करार त्यामागे होता हे जगजाहीर आहे, म्हणजे विक्रीचा हेतू भिंगरी म्हणतात त्याहूनही उघड. नायक एका महिन्यात नाहीसे झाले आणि पुढच्याच महिन्यात आपापल्या मासिकांत परत आले, बदललेले. ‘अमेझिंग’च्या २५२ व्या अंकात स्पायडर-मॅन काळ्या पोशाखात परतला. तो पोशाख कोठून आला हे ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकात कळले, आणि तो अंक कित्येक महिन्यांनी आला. तोवर वाचकाने अंदाज बांधत राहायचे. येथे पाहुण्या कथेचे उत्तर उशिरा आले आणि प्रश्न मात्र घरच्या मासिकात आधीच वाढला. हा खेळ मला रंगतदार वाटतो.

दुसरी गोष्ट ‘कॅप्टन अमेरिका’ २२ ते २४ या टाय-इन अंकांविषयी. लेखक एड ब्रुबेकर. ज्याच्या नावाने अर्धे युद्ध चालले आहे त्याचेच मासिक, पण २२ वा अंक बहुतांशी शॅरन कार्टर एका मानसोपचारतज्ज्ञापुढे बसून बोलते यावर उभा आहे. ज्या संस्थेत ती काम करते तिलाच कॅपला पकडायचे आहे आणि तिचे कॅपवर प्रेम आहे. अंकाच्या शेवटी तो तज्ज्ञ कोण आहे हे उघड होते आणि आपल्याला कळते की युद्धाच्या गोंगाटाआड ब्रुबेकर यांनी स्वतःचा डाव एका घरानेही मागे घेतलेला नाही. २५ व्या अंकात न्यायालयाच्या पायऱ्यांवर जे घडते त्याचे बी येथे पेरलेले आहे.

अनुक्रमणिका

पिंपळपान, शॅरन कार्टरवरून आठवले. चित्रपटात लंडनमधील अंत्यविधीच्या वेळी ती जे बोलते, की सारे जग तुला हलायला सांगत असेल तर झाडासारखे रोवून उभे राहा आणि जगालाच बाजूला व्हायला सांग, ते मुळात आले आहे ‘अमेझिंग’च्या ५३७ व्या अंकातून. तेथे कॅप हे पीटरला सांगतो आणि त्याआधी मार्क ट्वेनचे नाव घेतो. ‘सिव्हिल वॉर’मधले म्हणून लोक जे वाक्य आज सर्वाधिक उद्धृत करतात, ते मुख्य मालिकेच्या सात अंकांत कोठेही नाही.

भिंगरी

हे मला माहीत नव्हते. मी मुख्य मालिकेत ते वाक्य दोनदा शोधले होते आणि मग अनुवादात गाळले गेले असावे असे वाटून गप्प बसले होते, वास्तविक मी मूळ इंग्रजीच वाचत होते.

माझा आक्षेप थोडा बदलते. टाय-इन चांगला असू शकतो. पण त्या मुखवट्याच्या निर्णयाचे पुढे काय झाले? अवघ्या दीड वर्षात ‘वन मोअर डे’ या चार अंकांच्या कथेत साऱ्या जगाची स्मृती पुसली गेली, लग्नही पुसले गेले, आणि स्पायडर-मॅन कोण हे पुन्हा कोणाला ठाऊक राहिले नाही. स्ट्रॅझिन्स्की यांनी स्वतः त्या शेवटाविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. ५३२ मधील त्या बोलण्याला मग किंमत काय उरली?

रसाळगड

प्रश्न चुकवणार नाही. मुखवटा परत आला, लग्न गेले, हे खरे. परंतु ‘वन मोअर डे’मध्ये पीटर ज्या सौद्याला तयार होतो तो मे काकूंच्या जिवासाठी, आणि काकू मरणाच्या दारात आहेत त्या ५३८ मधील गोळीमुळे. किंगपिन हा गुन्हेगारांचा म्होरक्या तुरुंगात बसून ती गोळी झाडण्याची व्यवस्था करतो आणि हे तो करू शकतो, कारण आता पीटरचे नाव सर्वांना ठाऊक आहे. नाव सर्वांना ठाऊक आहे ते काकूंनीच धीर दिला म्हणून. पुढच्या लेखकांनी निर्णय पुसला, तरी ५३२ ते ५३८ या सात अंकांच्या आत कारण आणि परिणाम यांची गाठ पक्की बसलेली आहे. मी तेवढेच पुस्तक मानतो.

तिसरी घंटा

मग क्रम ठरवून टाकू. मुख्य १, मग ५३२, मुख्य २, ५३३, मुख्य ३, ५३४, मुख्य ४, ५३५, मुख्य ५ आणि ५३६ लागोपाठ, ५३७, मुख्य ६. प्रश्न राहतो तो ५३८ चा. त्याच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधील शेवटची लढाई आहे, म्हणजे नियमाने तो मुख्य ७ च्या नंतर.

रसाळगड

नियमाने नंतर, पण मी तसे वाचले नाही. सातव्या अंकात कॅप आजूबाजूची पडझड पाहून शस्त्र खाली ठेवतो आणि स्वतःला अटक करवून घेतो, त्या पानावर मी बसचे तिकीट ठेवून पुस्तक मिटले. मग ५३८ पूर्ण वाचला: लढाई हरून परतलेला पीटर, मोटेलची ती खोली, खिडकी आणि मे काकू. त्यानंतर पुन्हा तिकिटापासून पुढे. तेथे टोनी स्टार्क आता मोठ्या अधिकारपदावर आहे आणि स्टॅमफर्डमध्ये मुलगा गमावलेल्या बाईंना सांगतो आहे की खरे चांगले दिवस यापुढेच येणार आहेत.